बर्फाखालचं गाव

(१९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू अलास्काला जाऊन आलीस ना, त्यावर पंधरा मिनिटं बोल. पडदा लावतो, फोटो दाखव." फोटो मी आणलेले नाहीत. ग्रुपवर मी ते इतके टाकलेत की दोघातिघांनी मला म्यूट केल्याचं मला कळलंय. त्यामुळे पडदा राहू दे. मी त्या प्रवासातला एकच दिवस सांगणार आहे. आणि त्या दिवसाच्या निमित्तानं एक जुनी बाकी चुकती करणार आहे. ती बाकी ह्याच शाळेतली, नववी ब च्या वर्गातली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

साल १९७७. पावसाळ्याचे दिवस, कौलांवर पावसाचा आवाज. भूगोलाचा तास. सरांनी फळ्यावर पांढऱ्या आणि निळ्या खडूनं हिमनदी काढली होती. यू आकाराची दरी, लोंबती दरी, हिमोढ. सर, तुमची ती आकृती माझ्या वहीत अजून आहे. त्या काळी आपण बर्फ पाहिला होता तो दोनच ठिकाणी. एक जत्रेतला गोळा. दुसरी सोडावॉटरच्या दुकानापुढे टांग्यातून उतरायची ती भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी. तेवढ्या भांडवलावर सर आम्हाला सांगत होते की बर्फाची नदी असते आणि ती वाहते.

तेव्हा माझ्या शेजारी बाकावर जी बसायची, तिनं माझ्या कानात विचारलं, "बर्फ तर दगडासारखा घट्ट असतो. तो वाहील कसा गं?" तिला उभं राहून विचारायचा धीर नव्हता. मला होता. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, बर्फ घट्ट असतो, तर तो वाहतो कसा?"

सर एवढे खूश झाले की त्यांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "शाबास! इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता." मग त्यांनी ते समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मी स्वतः हिमनदी पाहिलेली नाही. पुस्तकात आहे ते सांगतोय. तुमच्यातल्या कुणी कधी पाहिली, तर मला येऊन सांगा." त्या वर्षी स्नेहसंमेलनात भूगोलाचं बक्षीस मला मिळालं. नकाशासंग्रह. पहिल्या पानावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तम प्रश्नाबद्दल'.

तो प्रश्न माझा नव्हता. ही झाली अर्धी कबुली. उरलेली अर्धी जास्त वाईट आहे, ती पुढे सांगते.

आता तो दिवस. माझा मुलगा सिएटलजवळ नोकरीला आहे. गेल्या जूनमध्ये त्यानं आम्हा दोघांना आणि अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन सात दिवसांच्या क्रूझचं आरक्षण केलं. दोन हजारांवर प्रवासी, बारा मजली जहाज. लिफ्टमध्ये आरसे, जेवणाची रांग सदैव चालू. पहिले दोन दिवस मला वाटलं, हे लग्नाचं कार्यालय समुद्रावर सोडलंय. पण एका दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागणार नव्हतं. तो दिवस ग्लेशियर बेचा. हा दक्षिण-पूर्व अलास्कातला फियॉर्ड आहे, म्हणजे हिमनदीनं कोरलेल्या खोल दरीत शिरलेला समुद्र. फाट्यांसकट लांबच लांब. तोंडापासून आतल्या टोकापर्यंत सुमारे १०५ किलोमीटर. आपल्या भाषेत, पुणे ते सातारा एसटीनं जायचं तेवढं अंतर, पण पाण्यातून.

जूनमध्ये तिथे पहाटे चारला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. आम्ही सहाच्या आधीच डेकवर होतो. आमच्या ह्यांनी माकडटोपी घातली होती, वर जाकिटाची टोपी, वर मफलर. नातू त्यांच्यापासून चार पावलं लांब उभा राहात होता. तेवढ्यात एक छोटी बोट जहाजाला येऊन भिडली आणि गणवेशातले चार-पाच लोक दोरीच्या शिडीवरून चालत्या जहाजावर चढले. ते राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर. त्यांच्याबरोबर तिथल्या मूळ त्लिंगिट लोकांपैकी एक बाई होत्या, आपल्या समाजाची माहिती द्यायला. दिवसभर हे लोक ध्वनिक्षेपकावरून सांगत होते. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात, तेही वेग आणि मार्ग ठरवून दिलेला. पाण्यात देवमासे असतात, त्यांना धक्का लागू नये म्हणून.

रेंजरनं पहिली गोष्ट सांगितली ती ऐकून मी नातवाची वही मागून घेतली आणि टिपणं काढायला लागले. सवय तुमचीच, सर.

त्यानं सांगितलं की, आपण आत्ता जिथून जातोय तिथे अडीचशे वर्षांपूर्वी जहाज आणताच आलं नसतं. इथे समुद्र नव्हता, बर्फ होता. १७९४ साली इंग्रज कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतला जोसेफ व्हिडबी नावाचा अधिकारी लहान बोटींतून इथे आला, तेव्हा त्याला किनाऱ्यात जेमतेम आठ किलोमीटरची खोबण दिसली आणि तिच्या टोकाला बर्फाची भिंत. पुढे १८७९ साली निसर्गलेखक जॉन म्यूर त्लिंगिट वाटाड्यांबरोबर होडीतून आला. तोवर ती भिंत ६५ किलोमीटरहून जास्त आत गेली होती. १९१६ पर्यंत मुख्य फाट्यातला बर्फ तोंडापासून १०५ किलोमीटर आत पोचला. सव्वाशे वर्षांत पुण्याहून साताऱ्यापर्यंतचा बर्फ गेला. इतक्या वेगानं बर्फ मागे गेल्याची लेखी नोंद असलेल्या जागा जगात फार थोड्या आहेत.

इथे मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. वर्गात आपण लिहायचो, 'हिमनदी मागे सरते.' मला वाटायचं, ती खरंच उलटी चालत डोंगरावर जाते. तसं नसतं. बर्फ नेहमी उताराकडेच वाहात असतो, मागे सरणारी हिमनदीसुद्धा. वरून येणाऱ्या बर्फापेक्षा खाली वितळणारा आणि तुटणारा बर्फ जास्त झाला, की तिचं तोंड मागे जातं. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या ह्यांनी बँकेतल्या भाषेत सांगितलं, "पगार येतोय, पण खर्च जास्त आहे." रेंजरपेक्षा हे मला लवकर समजलं.

जहाज पुढे सरकत होतं आणि दोन्ही काठांकडे बघायला सांगत होते. तोंडाजवळ काठावर स्प्रूस आणि हेमलॉकची उंच, काळपट हिरवी झाडी. आत जाल तशी झाडं बुटकी होत जातात. मग ऑल्डरची झुडपं. मग दगडाला चिकटलेलं शेवाळ आणि बारीक फुलांच्या गाद्या. आणि शेवटी नुसता उघडा खडक, त्यावर बर्फानं घासल्याचे ओरखडे. जी जमीन आधी मोकळी झाली तिथे जंगल वाढून पूर्ण झालंय, जी नंतर मोकळी झाली तिथे ते आत्ता सुरू होतंय. चार तासांच्या प्रवासात आपण अडीचशे वर्षांचं जंगल उलट्या क्रमानं बघतो. विल्यम कूपर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १९१६ साली इथे जमिनीचे छोटे चौकोन आखून घेतले आणि उघड्या मातीवर काय काय उगवतं ते तो पुन्हा पुन्हा येऊन मोजत राहिला. १९२५ साली ही जागा संरक्षित झाली त्यामागे त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा आग्रह होता. १९८० साली ती राष्ट्रीय उद्यान झाली.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी एक गोष्ट खास सांगते. ते ऑल्डरचं झुडूप आपल्या हरभरा-तुरीसारखं आहे. त्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जीवाणू हवेतला नत्र जमिनीत धरतात. मग त्या कसदार झालेल्या मातीत स्प्रूस येतो, आणि उंच वाढून ऑल्डरवर सावली धरतो. ऑल्डर मरतो. हे ऐकून मी उगाच हळहळले.

दहाच्या सुमाराला पाण्याचा रंग बदलला. निळ्याचं दुधाळ हिरवट झालं. हिमनदी खडक दळते, त्याचं पीठ पाण्यात मिसळतं, म्हणून. त्यातून बर्फाचे तुकडे तरंगत यायला लागले. काहींवर सील माद्या पिलांना घेऊन पडल्या होत्या. तिथला एक फाटा ह्या दिवसांत क्रूझ जहाजांना बंदच असतो, सीलचं बाळंतपण असतं म्हणून. मला ते फार आवडलं. बाळंतिणीच्या खोलीत दोन हजार पाहुणे शिरत नाहीत.

आणि मग वळणावरून मार्जरी हिमनदी समोर आली.

सर, आता मी तुम्हाला सांगते. तुम्ही सांगितलं होतंत, येऊन सांगा म्हणून.

ती ३४ किलोमीटर लांब आहे. फेअरवेदर नावाच्या डोंगररांगेतून खाली येते, ज्यातलं सर्वांत उंच शिखर ४,६७१ मीटर आहे. समुद्राला मिळते तिथे तिचं तोंड दीड किलोमीटरहून रुंद आणि पाण्याच्या वर सुमारे २५० फूट उंच. बारा मजली जहाज तिच्यापुढे खेळण्यातलं वाटतं. ती पांढरी नाही. तुमची आकृती बरोबर होती, तुम्ही निळा खडू वापरला होतात. दाबानं हवा निघून गेलेला घट्ट बर्फ उजेडातला तांबडा रंग शोषून घेतो आणि निळा परत देतो. भेगांच्या आत तर असा निळा, जसा नीळ घातलेल्या बादलीच्या तळाशी दिसतो. तिच्याच शेजारी ग्रँड पॅसिफिक नावाची हिमनदी आहे, जिनं हा सगळा फियॉर्ड कोरला. तिच्यावर दगडमातीचा एवढा थर बसलाय की ती हिमनदी आहे हे सांगावं लागतं. नातू म्हणाला, "आजी, ही तर कचऱ्याचा ढीग वाटते." मी म्हटलं, "अरे, सगळं काम हिनंच केलंय. अंगावर काय राहणार?"

जहाज थांबलं. इंजिनाची घरघर कमी झाली. दोन हजार माणसं डेकवर, आणि कुणी बोलेना. तेव्हा आवाज ऐकू यायला लागले. कडकड, चिरचिर, मध्येच बंदुकीसारखा ठो. तीच ती घट्ट वस्तू, जी वाहते. सर, तुम्ही वजन म्हणाला होतात. मला आता ते असं समजतं: ताज्या गुळाची ढेप ओट्यावर ठेवली तर ती घट्टच दिसते, पण चार दिवसांनी बुडाशी पसरलेली असते. बर्फाचा थर शेकडो फूट जाड झाला की आतले स्फटिक भाराखाली आकार बदलत सरकतात, आणि तळाशी पाण्याचा पातळ थर असेल तर सगळी ढेप घसरते. दिवसाला काही फूट. डोळ्यांना दिसत नाही, कानांना मात्र कळतं.

मग एक तुकडा पडला. तुकडा म्हणते, पण तो आपल्या शाळेच्या इमारतीएवढा असेल. आधी तो सावकाश सुटताना दिसला. पाणी उसळलं. आणि मग आवाज आला, विजेनंतर येतो तसा, मागून. त्या आवाजाला त्लिंगिट लोक 'पांढरा गडगडाट' म्हणतात. किटिवेक नावाचे समुद्रपक्षी शेकड्यानं उठले आणि लाटेवर घिरट्या घालायला लागले. ढवळलेल्या पाण्यात त्यांना खाणं मिळतं. काही मिनिटांनी लाट जहाजापर्यंत आली, जहाज जरासं हाललं. आमच्या ह्यांनी माकडटोपी काढली आणि हात जोडले. सवयीनं. मीही जोडले.

तासभर आम्ही तिथे होतो. जहाज हळूहळू गोल फिरवतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. कर्मचारी गरम सूपाचे पेले वाटत होते. आणि तेव्हा ध्वनिक्षेपकावर त्या त्लिंगिट बाई बोलायला लागल्या.

आता मला उरलेली अर्धी कबुली द्यायला हवी, नाहीतर त्या बाई काय बोलल्या ते तुम्हाला माझ्यासारखं ऐकू येणार नाही.

त्या तासाला सरांनी माझं कौतुक केल्यावर माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला धीर आला. आपला प्रश्न चांगला होता, हे तिला कळलं होतं ना. ती वर्षभरात पहिल्यांदा उभी राहिली आणि तिनं विचारलं, "सर, त्या बर्फाखाली कुणाची गावं असतात का?"

अख्खा वर्ग हसला. पोरं म्हणाली, बर्फाखाली गाव, मग पोस्टमन कसा जातो? सर, तुम्ही सगळ्यांना दटावलंत, मला आठवतंय. पण तेवढ्यात घंटा झाली आणि तो प्रश्न तसाच राहिला. सगळ्यांत मोठ्यानं हसलेली मुलगी तिच्या शेजारीच बसली होती. ती मी.

तिनं तो प्रश्न का विचारला होता, हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही. ती धरणग्रस्तांच्या वसाहतीतून यायची. तिच्या आजोळचं आणि वडिलांचं, दोन्ही गावं कोयनेच्या शिवसागरात गेलेली. तिचा जन्म नव्या गावठाणातला. आजी तिला रोज रात्री पाण्याखालच्या गावातली घरं क्रमानं सांगायची. तिच्या लेखी मोठ्या पाण्याखाली, मोठ्या बर्फाखाली काय असतं, हा पहिला प्रश्न होता. त्या दिवसानंतर तिनं वर्गात कधी प्रश्न विचारला नाही. दहावीनंतर तिची शाळा सुटली.

तर त्या त्लिंगिट बाई मार्जरी हिमनदीपुढे उभ्या राहून सांगत होत्या: "इथे आमची गावं होती."

हूना त्लिंगिट लोक ह्या दरीत राहात होते. तेव्हा इथे फियॉर्ड नव्हता, गवताळ सपाटी होती, नदी होती, नदीत सामन मासे होते. मग अठराव्या शतकात थंडीच्या काळात बर्फ पुढे आला. किती वेगानं? त्यांच्या पूर्वजांनी सांगून ठेवलंय, कुत्रा पळतो तितक्या. घरं सोडून लोक होड्यांतून निघाले आणि सामुद्रधुनीपलीकडे जाऊन वसले. ते गाव म्हणजे आजचं हूना. त्यांच्यात कास्टीन नावाच्या मुलीची कथा सांगतात. वयात आल्यामुळे एकांतात ठेवलेल्या ह्या मुलीनं कंटाळून हिमनदीला हाक मारली, म्हणून ती आली. सगळे निघाले तेव्हा कुणीतरी एक जण घरात मागे राहिलं, बर्फ अंगावर येईपर्यंत. काही घराणी सांगतात, ती मुलगी राहिली. काही सांगतात, तिच्या जागी एक म्हातारी राहिली. त्या बाई हे सांगताना रडत नव्हत्या. आपल्या घरातली गोष्ट सांगावी तसं सांगत होत्या. बर्फ मागे गेल्यावर त्यांच्या लोकांनी ह्या पाण्याला जे नाव दिलं त्याचा अर्थ आहे, 'हिमनदीच्या जागेवरचा उपसागर'.

मी डेकवर सूपाचा पेला धरून उभी होते. माझ्या आजूबाजूला दोन हजार माणसं होती आणि त्यातलं कुणीच हसलं नाही. मला वाटलं, एवढ्या लांब येऊन, एवढे पैसे मोडून मी त्या तासाचं उत्तर ऐकायला आले. आणि ते ऐकायचा हक्क जिचा होता, तिचा फोन नंबरसुद्धा माझ्याकडे नव्हता.

दुपारी जहाज परत फिरलं. वाटेत खडकाळ बेटावर पिवळसर तपकिरी समुद्रसिंहांचा कळप भांडत होता, वास जहाजापर्यंत. लांब पाण्यावर देवमाशाचा फवारा उठला, शेपटी दिसली, गेली. लोक परत जेवणाच्या रांगेत. मी त्या रेंजरला गाठलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोन प्रश्न विचारले.

पहिला, हे सगळं आपल्या धुरामुळे झालं का? तो मुलगा खरं बोलला. म्हणाला, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला तो मोठा बर्फ गेला तो नैसर्गिक थंड काळ संपला म्हणून, त्याचं खापर गिरण्यांवर फोडता येत नाही. पण आज अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या ज्या वेगानं बारीक होतायत, त्याला माणसानं वाढवलेली उष्णता कारण आहे. आणि मी उभी होते ते जहाज इंधन जाळतच तिथवर आलं होतं. ती बोच मी बरोबर घेऊन आले. "जाऊन आलीस, मजा आहे बाबा तुझी," असं कुणी म्हटलं की ती बोच आतल्या आत हलते.

दुसरा प्रश्न, बर्फ गेल्यावर खालची जमीन तशीच राहते का? तो म्हणाला, नाही, ती वर येते. एवढं ओझं डोक्यावरून उतरल्यावर जमीन उसळते. ह्या भागात काही ठिकाणी ती अजूनही वर्षाला सुमारे तीन सेंटिमीटर उचलली जातेय. काठावर नवी कुरणं तयार होतायत. सर, हे आपल्या पुस्तकात नव्हतं. ह्यावर दोन गुण वाढवून द्या.

सिएटलला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते तिचा नंबर मिळवण्याचं. चार फोन, दोन चुकीचे. पाचवा तिनं उचलला. मी नाव सांगितलं, ती म्हणाली, "आवाज तोच आहे गं." मी तिला सगळं सांगितलं. बर्फाखाली गावं होती, हेही. मी हसले होते ते मला आठवतंय, हेही. ती जरा वेळ गप्प होती. मला वाटलं फोन कट झाला. मग तिनं विचारलं, "मग त्यांना परत जायला मिळालं का?"

बघा, पुन्हा प्रश्न तिचाच.

मी माझी टिपणं काढून वाचली. राहायला जायला नाही मिळालं, तिथे आता राष्ट्रीय उद्यान आहे आणि बरीच वर्षं त्यांना तिथे पूर्वीसारखी शिकार करायची, पक्ष्यांची अंडी गोळा करायचीही बंदी होती. २०१४ साली कायदा झाला आणि समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करायचा हक्क त्यांना परत मिळाला. २०१६ साली उपसागराच्या तोंडाशी, बार्टलेट कोव्हला, त्यांचं सामाईक घर उभं राहिलं, कोरीव खांबांचं. अडीचशे वर्षांनंतरचं तिथलं पहिलं. त्या दिवशी लोक होड्या वल्हवत हूनाहून आले होते.

ती म्हणाली, "होडीनं आले म्हणजे बरंच झालं." मग म्हणाली, "उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्याही देवळाचा चौथरा दिसतो. एकदा ये, दाखवते." गेल्या मे महिन्यात मी गेले. चिखल वाळून भेगाळलेल्या जमिनीवरून ती पुढे चालत होती आणि आजीनं सांगितलेली घरं क्रमानं सांगत होती. हे सुताराचं. हे आमचं. इथे जातं होतं. मी मागून चालले. मी एकदाही मध्ये बोलले नाही. ज्यांना मी माहीत आहे त्यांना ह्याचं महत्त्व कळेल.

ती आज इथे आली आहे. तिनं मला बजावलंय की माझं नाव घेऊन तमाशा करायचा नाही, म्हणून घेत नाही. आत्ता ती मला डोळ्यांनी दम देतेय, तेही दिसतंय. पण सर, तुम्ही ८८ वर्षांचे झालात आणि पहिल्या रांगेत बसलाय. ही दुरुस्ती तुमच्यासमोरच व्हायला हवी होती.

हा तो नकाशासंग्रह. कव्हर दोनदा बदललंय, आतली पानं ठीक आहेत. अलास्काच्या पानावर मी पेन्सिलनं खूण केली आहे. पहिल्या पानावर तुमचं अक्षर आहे, 'उत्तम प्रश्नाबद्दल'. त्याखाली माझं नाव आहे, ते मी काल रात्री खोडलं आणि तिचं लिहिलं. तुम्ही त्याखाली पुन्हा एकदा सही करावी, आणि तुमच्या हातानं तिला द्यावा, एवढी विनंती आहे.

आणि स्मरणिकेचे संपादक इथेच बसलेत, त्यांनाही सांगते. हे भाषण छापाल तेव्हा बाकी काही कापलं तरी चालेल, माकडटोपीसुद्धा. पण नववी ब मधले दोन्ही प्रश्न तिचे होते, एवढं राहू द्या.